हौदातली बाळंतीण

माझे वडील पुण्यातल्या एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवत. आमच्या घरी पुस्तके नव्हती, पत्रके होती. शाई फासलेली, वाकडी कापली गेलेली, एका बाजूने कोरी राहिलेली पत्रके वडील गठ्ठ्याने घरी आणत. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. दारू, हुंडा, परदेशी कापड, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता, प्लेगची लस. सात वर्षांची असताना हुंडा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते, पण तो ‘समूळ उपटून फेकला पाहिजे’ हे तोंडपाठ होते. हरळीसारखे एखादे तण असावे अशी माझी समजूत होती.

वडील स्वतः फारसे बोलत नसत. त्यांचा एकच नियम होता. छापलेले चुकले तर चूक तितक्याच मोठ्या खिळ्यांत कबूल करायची. ‘बारीक टाइपात माफी मागणारा दोनदा खोटं बोलतो,’ असे ते म्हणत. मी हा नियम मोठ्या अभिमानाने पाठ केला होता. तो आपल्याला लागू पडेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

एकोणिसाव्या वर्षी मला भाटघरच्या धरणाच्या पाण्याकाठी एका गावात मुलींच्या वर्गावर नोकरी मिळाली. ट्रंकेत दोन लुगडी होती आणि बाकी सगळी पत्रके. गावातल्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवरची खोली मला मिळाली. त्याची बायको माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती. तिला मी वहिनी म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात, गावच्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे आणि कोणी नाही, यावरून मी तिथे दोन भांडणे केली. वहिनी म्हणाली, “बाई, तुमी जरा बसा. आल्या आल्या उभ्याच हाईसा.”

त्या श्रावणात गावात हिवतापाची साथ होती. धरण झाल्यापासून दर पावसाळ्यात ताप येई, आणि शाळेतल्या निम्म्या मुली गोधडीत कुडकुडत पडत. सरकारातून एक गृहस्थ आले. त्यांनी सगळ्यांना कडू कोयनेल पाजले आणि जाताना एका झाकणाच्या डब्यातून करंगळीच्या पेराएवढे, करड्या रंगाचे मासे विहिरीत आणि विहिरीशेजारच्या दगडी हौदात सोडले. हे मासे डासांची अंडीपिल्ले खातात, एवढे सांगून ते पुढच्या गावी गेले.

गावात कुरकुर झाली. पाण्याला हिवस वास येईल, देवाला ते पाणी कसे चालेल, असे बायका म्हणू लागल्या. मी विहिरीच्या काठावर उभी राहून भाषण केले. गाव ऐकून घेत होते, कारण मी त्यांच्या मुलींना शिकवत होते. पटत मात्र कोणालाच नव्हते. शेवटी एका म्हातारीने सगळ्यांना गप्प केले. तिने हौदाचे पाणी ओंजळीत घेतले, वास घेतला, पिऊन टाकले आणि म्हणाली, “मासं काय पाण्यात न्हाईत तर झाडावर ऱ्हात्यात व्हय? माजी मेंढरं पित्यात, म्या बी पिते.”

ही म्हातारी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर असलेल्या धनगरांच्या वाड्यावर राहत असे. तिन्हीसांजा व्हायच्या आधी ती मेंढरे पाण्यावर घेऊन उतरायची. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिची स्वतःची मेंढरे जेमतेम डझनभर, पण ती पुतण्याच्या आणि म्हादबा नावाच्या शेजाऱ्याच्या मेंढरांत मिसळून चरत, आणि रात्री सगळी एकाच वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसत. एवढ्याशा मेंढरांवर एकट्या बाईला डोंगर राखता येत नाही. तिला त्या वाघरीत जागा होती ती तिच्या नजरेमुळे. मेंढ्या विऊ लागल्या की कोवळी कोकरे वाघरीत ठेवून आया चरायला जातात. संध्याकाळी त्या परतल्या की एकच गलका होतो, आणि कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे यावरून माणसांत वाद लागतात. त्या वाड्यावर हा वाद कधी वाढत नसे. म्हातारी बोट दाखवायची, “ह्ये तिचं,” आणि तिथेच ते संपायचे. कोणी उलटून विचारत नसे.

तर घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ही म्हातारी हौदापाशी बसली होती. मी घागर घेऊन गेले.

“मास्तरीणबाय,” ती म्हणाली, “तुमचा मासा व्याला.”

“काय झाला?”

“व्याला. पोरं झाली त्येला. म्या सोत्ता बगितलं. एक, मग दुसरं, मग तिसरं.”

मी हसले. “आजी, मासे अंडी घालतात.”

“घालत आसतील. ही न्हाई घातली. हिला पोरं झाली.”

“सगळे मासे अंडी घालतात. मादी पाण्यात अंडी सोडते, नर वरून येऊन त्यांच्यावर आपलं बीज सोडतो. पुस्तकात आहे.”

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. “ह्ये पुस्तक कदी ह्या हौदावर आलंतं?”

पाणी भरणाऱ्या बायका खिदळल्या. मला राग आला. हसल्याचा नव्हे, मला वाटले, मी इथे ज्याच्याशी लढायला आले तेच हे. आज मासा व्याला, उद्या पाषाणाला घाम फुटेल, परवा हौदाला शेंदूर लागेल आणि माशांना कोणी डास खाऊ देणार नाही. मी हौदात एकदा वाकून पाहायला हवे होते. पाहिले नाही. घागर तिथेच ठेवून मी खोलीवर गेले आणि एका बैठकीत पत्रक लिहिले.

त्याचे नाव ‘मासा व्याला हो!’ असे होते. मी ते त्या वेळी फार खुमासदार समजत होते. त्यात लिहिले होते की ‘भाटघरच्या बाजूच्या एका डोंगरवाडीत, उजव्या हातात चांदीचे कडे घातलेली एक मेंढपाळ म्हातारी छातीठोकपणे सांगते की तिने माशाचे बाळंतपण पाहिले. बंधुभगिनींनो, डोळ्यांनी पाहणे आणि डोळे असणे यांत फरक आहे.’ शेवटचे वाक्य लिहून मी ते स्वतःशीच तीनदा मोठ्याने वाचले. नाव मी लिहिले नव्हते, कारण व्यक्तीवर टीका करायची नाही, वृत्तीवर करायची, हे माझे तत्त्व होते.

सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर मजकूर पुण्याला गेला. वडिलांनी उरल्यासुरल्या कागदावर तो छापून दसऱ्याच्या आत गठ्ठा परत पाठवला. भोरच्या बाजारात मी स्वतः उभी राहून पत्रके वाटली. लोक घेत होते, वाचत होते, हसत होते. त्या दिवशी मी परतीची वाट कशी चालले ते मला अजून आठवते. कडेला सगळीकडे पिवळी सोनकी फुलली होती आणि मला वाटत होते की तीसुद्धा माझ्या लेखणीमुळेच.

कोजागिरी उलटली. म्हातारी हौदावर दिसेना. मेंढरे दुसरेच कोणी आणू लागले. मी वहिनीला विचारले.

वहिनी भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. “कशी येईल? समदी इचारत्यात, म्हातारे, आज काय व्यालं? बेडूक का कासव?”

“पण मी नाव कुठे घातलं होतं?”

“बाई,” वहिनी म्हणाली, “ह्या बाजूला चांदीचं कडं घालणारी म्हातारी मेंढकी किती हाईत? येकच हाय.”

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वर वाड्यावर गेले. मला वाटले होते, म्हातारीला समजावून सांगावे की राग मानू नका, तुमच्यावर नव्हते ते. मी पोहोचले तेव्हा मेंढ्या नुकत्याच परतल्या होत्या. वाघरीत कोकरांचा कल्लोळ होता. म्हातारी मात्र वाघरीच्या बाहेर, आपल्या खोपटाच्या दारात, हात मांडीवर ठेवून बसली होती. आत तिचा पुतण्या, तिशीतला धिप्पाड माणूस, कोकरे उचलून उचलून मेंढ्यांना लावत होता. एक कोकरू त्याने एका मेंढीखाली सारले. मेंढीने त्याला धडक देऊन दूर उडवले. त्याने पुन्हा सारले, पुन्हा धडक. कोकरू मलूल झाले होते, त्याचे पाय थरथरत होते. पलीकडे एक मेंढी, सड तटतटून फुगलेले, सारखी ओरडत फिरत होती.

म्हातारीची मान त्या ओरडण्याच्या दिशेने वळली. बोट मात्र मांडीवरून उचलले गेले नाही.

पुतण्याने मला पाहिले आणि आनंदाने पुढे आला. त्याने पागोट्याच्या घडीतून एक कागद काढला. माझे पत्रक होते ते. चार इयत्ता शिकलेला तो. त्याने ते जपून ठेवले होते.

“बाई, लई झ्याक लिवलं तुमी! आवो, आमी जलमभर काकीच्या बोटाकडं बघत आलो. ही म्हनंल ते कोकरू हिचं, ही म्हनंल ते त्येचं. आता कळलं. जिला मासा व्यालेला दिसतो, तिला कोकरू काय दिसतंय? औंदा म्या सांगितलंय, दिवाळी झाली की वाघर येगळी. तिची तिनं राखावी.”

माझ्या लेखणीची आजवर कोणी एवढी स्तुती केली नव्हती. आणि मला ती पायाखाली घालून तुडवावीशी वाटली. मी म्हणाले, “असं नव्हतं म्हणायचं मला.”

“मग काय म्हनायचं व्हतं?”

म्हातारीपाशी जाऊन मी खाली बसले. ती म्हणाली, “च्या न्हाई. दूध हाय. घेतीस?” मी दूध घेतले. धारोष्ण, धुरकट वासाचे. तिने एका शब्दाने मला बोल लावला नाही. निघताना मी विचारले, “आजी, खरंच पाहिलं होतं तुम्ही?”

“तुज्या कागदात लिवलंय की म्या न्हाई बगितलं,” ती म्हणाली. “मग न्हाई बगितलं.”

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला निघाले. मोटार कामथडीला पाणी घ्यायला थांबली, कात्रजच्या घाटात दोनदा तापून थांबली, आणि मी सबंध वाट एकच हिशेब मांडत होते: मासे अंडी घालतात हे खरे, म्हातारी खोटे बोलत नाही हेही मला आता दिसत होते, मग चुकते कुठे?

माझा मामा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. सुट्टीत प्रयोगशाळा बंद असे, पण दिवाळीची झाडलोट त्याच्याकडे होती. मी गेले तेव्हा तो कपाटे उघडून, डोक्याला फडके बांधून, बाटल्यांतले साप आणि सांगाडे पुसत होता. मी त्याला सगळे सांगितले, पत्रकही दाखवले. त्याने ते वाचले आणि फडक्यात तोंड खुपसून इतका हसला की मला वाटले, हातातली बाटली पडते.

“अगं शहाणे, ते डासांचे मासे ना? ते पिल्लंच देतात! आमच्या इथल्या टाकीत दर महिन्याला देतात. मीच काढतो ती बाजूला, नाहीतर आई गिळते.”

“पण पुस्तकात—”

“तुझं शाळेचं पुस्तक. त्यात पानं किती? सरांना विचारायचं असेल तर सुट्टीनंतर ये. मला विचारायचं तर आत्ता सांगतो. दाराशी उभा राहून दरवर्षी तेच व्याख्यान ऐकतो आहे. कुठे विनोद येतो तेसुद्धा मला ठाऊक आहे.”

त्याने टाकीपाशी नेले. “हा बघ नर. मादीहून बारका. पोटाखाली हा पर बघ, काडीसारखा झालेला. या काडीने तो बीज मादीच्या पोटात पोचवतो. म्हणजे अंडी पाण्यात सोडायलाच नकोत. पोटातच फळतात, पोटातच वाढतात. बाहेर येतं ते पोहणारं पिल्लू.”

मी वाकून पाहत राहिले. म्हातारीच्या हौदावर जे करायचे राहिले होते ते मी इथे करत होते.

“आणि हे काही कालपरवाचं नाही,” मामा म्हणाला. आता तो पुरा रंगात आला होता. सरांसारखी पाठीमागे हातांची घडीही घातली होती. त्याने खालच्या खणातून पाटाएवढी एक फळी काढली. तिच्यावर प्लॅस्टरचा ठसा होता. लांबोडका मासा, डोक्याच्या मागे भाल्यासारखा एक काटा, शेपटी निमुळती. खरा दगड परदेशात कुठल्याशा जुन्या सरोवराच्या गाळात सापडला होता, हा त्याचा साचा. “गोड्या पाण्यातला मासा. शार्क म्हणतात त्या घराण्यातला. माणूस नव्हता, मेंढरू नव्हतं, आपला सह्याद्रीसुद्धा नव्हता तेव्हाचा. कोट्यवधी वर्षं दगडात पडून आहे. आता ओळख बघू, नर की मादी?”

मी काट्याकडे पाहिले. “नर. हे शिंग आहे ना!”

“सगळी पोरं हेच सांगतात, आणि सरांचा विनोद इथेच येतो,” मामा म्हणाला. “काटा दोघांनाही असतो. इथे बघ.” पोटाखालच्या मागच्या परांपासून दोन लहान दांड्या मागे गेल्या होत्या. “या दांड्या. या फक्त नराला. त्या काळातही हा आपलं बीज मादीच्या पोटातच ठेवायचा. गंमत ही की हा आणि आपला हौदातला मासा यांचं जवळचं नातं नाही. याला दोन दांड्या, त्या पोटाच्या परांच्या. आपल्याचा काडीसारखा एकच पर, तो शेपटीकडचा. दोघांच्या वाटा वेगळ्या, आणि दोघं येऊन पोचले एकाच युक्तीवर. निसर्गाने एकदा शोधलं, विसरला, पुन्हा शोधलं. उत्क्रांती म्हणतात ती हीच.”

उत्क्रांतीवर मी दोन पत्रके वाचली होती आणि एक लिहायच्या बेतात होते. पण ती अशी आपल्या हाताने चाचपता येते, दोन दांड्यांवर बोट फिरवून, हे मला पहिल्यांदा कळले. मला हसू येत होते आणि डोळेही भरत होते. त्या दांड्यांनी मला खोटे ठरवले होते आणि तरी मला त्यांचा इतका आनंद का व्हावा, हे मामाला समजेना. “अगं, मासा आहे तो,” तो म्हणाला.

मी ठशावर कागद ठेवला आणि शिसपेन्सील आडवी धरून घासली. मासा हळूहळू कागदावर वर आला. काटा, कणा, पर, दोन दांड्या.

सुट्टी संपताच परत आले ती थेट वाड्यावर गेले. म्हातारी दारातच होती. मी म्हणाले, “आजी, माझं चुकलं. तुमचा मासा व्यालाच होता.”

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली.

मी कागद तिच्यापुढे पसरला. मासा दगडातला आहे, फार जुना आहे, एवढेच सांगितले, आणि मामाचा प्रश्न तिला विचारला. ती कागदावर वाकली. मी बोट काट्याकडे नेले. तिला फसवायचे होते असे नाही, सवयीने.

तिने माझे बोट बाजूला केले. “शिंगं शेळीलाबी असत्यात. वर काय बगती? खाली बग.” तिचे बोट सरळ त्या दोन दांड्यांवर आले. “नर हाय. हा आपला मेंढ्यावानी जातो मादीकडं. पान्यावर टाकून जात न्हाई.”

कॉलेजातल्या पोरांना दरवर्षी जे चुकते ते तिने कागद हातात धरायच्या आत सांगितले. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी सगळे सांगू लागले, युक्ती, दोन वाटा, पोटातली अंडी. मी शब्द शोधत अडखळत होते तर ती म्हणाली, “अगं लाजती कशाला? मेंढरात जलम गेला माजा.”

“आजी, हे सगळ्यांपुढे दाखवायचं. मासा सगळ्यांपुढे व्यायला हवा.”

“मंग? चल खाली.” तिने डोईवरचा पदर सारखा केला. बऱ्याच दिवसांनी ती हौदावर उतरत होती.

वाण्याकडून मी गोळ्यांची काचेची बरणी मागून आणली होती. म्हातारी हौदाच्या काठावर बसली आणि एका जागी नजर लावून राहिली. मग लुगड्याच्या पदराने एक मासा अलगद उचलून बरणीत सोडला. “ही. प्वाट चौकोनी झालंय बग, आन् मागं काळा डाग लई गडद हाय. उद्या सकाळच्याला, ऊन हौदावर यायच्या आत व्येती.”

“नक्की?”

तिने बरणी माझ्या हातात दिली. पुतण्याकडे निरोप गेला की उद्या सकाळी विहिरीवर ये, आणि यायचे तर पागोट्यातला कागद घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाभोवती अर्धे गाव जमले होते. शाळेच्या मुली पुढे बसल्या होत्या. बरणी हौदाच्या काठावर होती, आणि आत मासा शांतपणे गोल फिरत होता. ऊन विहिरीच्या रहाटावर आले. मासा फिरत होता. ऊन रहाट उतरून खाली आले. पुतण्या म्हणाला, “काकी, मासा तर चालतोय नुस्ता. कळा तुलाच येत्यात जनू.”

हशा झाला. म्हातारी म्हणाली, “तुज्या येळंला तुजी आय दोन दीस चालत व्हती. गप उभा ऱ्हा.”

हा हशा त्याहून मोठा होता. मी मात्र उन्हाकडेच पाहत होते. मासा नाही व्याला तर? म्हातारीचा शब्द आज दुसऱ्यांदा आणि कायमचा जाईल, आणि तो मीच इथे चव्हाट्यावर आणून ठेवला आहे. ऊन हौदाच्या दगडाला टेकायला चार बोटे उरली होती.

मासा थांबला. अंग आक्रसले. शेपटीखालून एक काळा ठिपका बाहेर आला, मुडपलेला, दोन डोळे लख्ख दिसणारे. तो थोडा खाली बुडाला, उलगडला, आणि सुळकन् वर गेला.

वहिनी ओरडली, “अगं बाई, झालं की!” आणि एकच गलका उठला. दुसरे आले. तिसरे. मुली मोठ्याने मोजू लागल्या. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवर वाकले. तेवढ्यात मासा वळला आणि एका पिल्लाच्या मागे लागला. बायका किंचाळल्या. “खाती गं, सोताचंच खाती!” म्हातारीने आधीच हातात शेवाळाचा झुबका धरला होता, तो तिने बरणीत सोडला आणि पिल्ले त्यात शिरली. “पयल्यांदा बी खात व्हती. म्हून तर मला दिसलं,” ती म्हणाली. “पोरं शेवाळात पळाली आन् ही मागं.”

कोणीतरी म्हणाले, बाळंतिणीला डिंकाचे लाडू घाला. कोणी म्हणाले, बारसे कधी? वहिनीने खरोखरच हळदीची चिमूट आणून बरणीला बोट लावले. अंधश्रद्धेविरुद्ध सबंध ट्रंक भरून पत्रके आणलेली मी, त्या हळदीच्या बोटाला काही बोलले नाही.

मग मी हौदाच्या काठावर चढले आणि भाषण केले. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान. मी म्हणाले, “मी पत्रकात लिहिलं ते खोटं होतं. मी न पाहता लिहिलं. आजींनी पाहून सांगितलं.” आणि खाली उतरले.

पुतण्या गर्दीच्या मागे गेला होता. मला वाटले, निघून गेला. थोड्या वेळाने तो परत आला. त्याच्या खांद्यावर ते मलूल कोकरू होते, मागे दोन मेंढ्या दोरीने ओढत आणलेल्या. पागोट्यातला कागद त्याने माझ्या हातात दिला, माझ्याकडे न पाहता. मग कोकरू म्हातारीच्या मांडीवर ठेवले.

“काकी,” तो म्हणाला, “बग जरा. म्या हिला लावतोय, ही मारती. शेळीच्या दुदावर जगवलंय कसंतरी.”

“मारंल न्हाई तर काय करंल? तिचं न्हाई त्ये.” म्हातारीने कोकराच्या कानामागे हात फिरवला, तोंड उघडून पाहिले. मग दुसऱ्या मेंढीकडे बोट दाखवले, त्या सड फुगलेल्या. “हिचं हाय. ह्येचा आन् हिचा आवाज येकच लागतो, तुला कान न्हाईत व्हय? आन् ही मेंढी तुजीच हाय, खुळ्या. सोताचं कोकरू म्हादबाच्या मेंढीला लावत व्हतास.”

तिने मेंढीचे दूध बोटावर घेऊन कोकराच्या पाठीला चोळले आणि त्याला खाली सोडले. मेंढीने हुंगले. एकदा, पुन्हा एकदा. कोकरू गुडघ्यांवर टेकले, सड तोंडात धरले, आणि त्याची शेपटी थरथरायला लागली. पुतण्या जमिनीकडे पाहत हसत होता. “वाघर येकच ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “येगळी करायला जाळी बी पुरत न्हाई.”

“जाळी पुरत न्हाई म्हनं,” म्हातारी म्हणाली. “जा, मेंढरं सोड.”

त्याच दुपारी मी नवे पत्रक लिहिले. वडिलांनी ते छापले, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे जुन्या पत्रकाचे मोठे खिळे शोधून काढले. ‘व’ कमी पडला म्हणून शेजारच्या छापखान्यातून उसना आणला. त्यात हौदातला मासा होता, दगडातला नर होता, आणि कॉलेजातल्या मुलांना जे दिसत नाही ते पाहणारी म्हातारी होती. भोरच्या बाजारात मी तेही उभी राहून वाटले. या वेळीही लोक हसले, पण माझ्यावर, आणि मला ते फार आवडले.

एक प्रत घेऊन मी वर गेले. म्हातारी मेंढरांत बसली होती. पुतण्याची ती मेंढी आणि आता गलेलठ्ठ झालेले कोकरू शेजारीच होते. मी तिला सबंध पत्रक वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती. मी मोठ्या उमाळ्याने शेवटी आले: ‘उजव्या हातात चांदीचे कडे घातलेल्या त्या शहाण्या आजींची मी जाहीर क्षमा मागते.’

तिने डोळे उघडले.

“समदं ब्येस लिवलंस,” ती म्हणाली. “पर पोरी, माजं कडं कदी बगितलंस?”

तिने डावा हात वर केला. कडे डाव्या हातात होते.